‘आपला माणूस’ आहे म्हणून मी त्याच्याच बाजूचं ऐकते आहे का?

पत्राचा गोषवारा: पत्र बडोद्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, विश्वामित्री नदीजवळच्या एका सोसायटीत राहतात आणि तिथल्या गणेशोत्सव मंडळाच्या चिटणीस आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात छातीइतकं पाणी होतं आणि सासूबाईंना धाप लागली होती. त्या भागातले नगरसेवक स्वतः पाण्यात उतरले, सासूबाईंना खुर्चीत बसवून बाहेर काढलं आणि दवाखान्यात पोचवलं. पुढे सोसायटीला दूध-पाणीही त्यांनी पाठवलं. तेव्हापासून मंडळाच्या आरतीला ते येतात आणि शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एक क्लिप फिरली. त्यांच्यासारखा आवाज एका ठेकेदाराशी बोलतो आहे, विषय आहे पावसाळी कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला, साफ न करताच बिल काढण्याचा आणि त्यातल्या टक्क्याचा. नगरसेवक म्हणतात, आवाज बनावट आहे, एआयने केलेला. ताईंची मुलगी म्हणते, ‘दुसऱ्या पक्षाचा असता तर तू एवढे पुरावे मागितले असतेस का? आपला तो बाब्या!’ यजमान म्हणतात, ‘राजकारणात धुतल्या तांदळासारखं कोण असतं? माणूस कामाला येतो ना, मग झालं.’ ताई लिहितात, ‘रात्री मी फोनवर याच विषयाचे व्हिडिओ बघते. हा कट आहे असं सांगणारे शेवटपर्यंत बघते. विरुद्ध बाजूचा लागला की अंगठा आपोआप वर सरकतो. मी स्वतःशी खोटं बोलते आहे का? मंडळात काहीजण म्हणतात, यंदा त्यांना बोलवू नका. तसं केलं तर मी कृतघ्न ठरेन का?’ (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई,

तुमचा अंगठा वर सरकतो हे तुम्हाला कुणी दाखवून दिलेलं नाही, तुमचं तुम्हालाच दिसलं. स्वतःशी खोटं बोलणाऱ्याला ते दिसत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण रात्री फोनवर तुम्ही जे करता त्याला मी माहिती काढणंही म्हणणार नाही. त्या माणसावरचा आरोप खोटा ठरावा, म्हणजे आपल्याला काहीच ठरवावं लागणार नाही, एवढीच तुमची इच्छा आहे. ती मला समजते. ज्या माणसाने आपल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्यातून उचलून नेलं, तो पैसे खाणारा निघू नये असं कुणालाही वाटेल.

आपल्या सगळ्यांच्याच मनाची एक सवय आहे. जे खरं असावं असं वाटतं त्याबद्दल आपण विचारतो, ‘हे खरं असू शकेल ना?’ तेवढ्याला एक व्हिडिओ पुरतो. जे खरं नसावं असं वाटतं त्याबद्दल विचारतो, ‘हे मानलंच पाहिजे का?’ आणि मग कितीही कागद समोर आले तरी एखादं खुसपट काढायला जागा उरतेच. तुमच्या लेकीने नेमकं यावर बोट ठेवलंय, आणि ती बरोबर आहे. पण तिलाही एक विचारा, प्रेमाने. त्या क्लिपवर तिने पहिल्या दिवशीच विश्वास ठेवला, तो कशाच्या आधारावर? तिच्या फोनवर काय काय येतं? तिच्या वयाला सत्तेतल्या माणसाबद्दल वाईट ऐकणं पटकन खरं वाटतं, तुम्हाला उपकारकर्त्याबद्दल चांगलं ऐकणं. तिने वापरलेली म्हण दोघींनाही लागू होते.

१९६० च्या सुमारास लंडनमध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. लोकांना २-४-६ असे आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. स्वतःचे तीन-तीन आकडे सांगून पडताळून बघायची मुभा होती. बहुतेकांना वाटलं, दोन-दोनने वाढणारे आकडे. मग ते ८-१०-१२ विचारत, २०-२२-२४ विचारत, दर वेळी ‘बसतात’ असं उत्तर येई आणि त्यांची खात्री वाढत जाई. खरा नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. ३-७-५० किंवा ६-४-२ असं, आपला अंदाज मोडू शकेल असं काही विचारून बघावं, हे फार थोड्यांना सुचलं. तुम्ही रात्री जे व्हिडिओ बघता ते सगळे ८-१०-१२ च्या जातीचे आहेत. प्रत्येकाने ‘हो’ म्हटलंय, आणि त्या ‘हो’मधून तुमच्या हाती नवीन काहीच आलेलं नाही.

यात फोनचा वाटा किती? आहे, पण आपण समजतो तेवढा तो पहिला नाही. त्या अॅपला खरं-खोटं कळत नाही, तुम्ही कुठे थांबलात आणि किती वेळ थांबलात एवढंच ते मोजतं आणि तसलंच पुढे आणून ठेवतं. पहिली निवड तुमचीच होती. नगरसेवकांच्या नावापुढे ‘कट’ किंवा ‘षड्यंत्र’ असा शब्द टाकून शोधलं, तर कटाचेच व्हिडिओ येणार. नावापुढे ‘भ्रष्टाचार’ टाकला असता तर दुसरं दुकान उघडलं असतं. त्याऐवजी असे शब्द टाका ज्यांत निकाल आधीच दिलेला नाही. कांसेचं नाव, वर्ष, ‘सफाई’, ‘टेंडर’, आणि तेही गुजरातीत, कारण या विषयावरची मूळ बातमी गुजराती वर्तमानपत्रातच असणार. बघण्याचा इतिहास सेटिंगमध्ये जाऊन पुसता येतो आणि बंदही ठेवता येतो, तो काही दिवस बंद ठेवा. बातमी वाचताना तीन गोष्टी बघा: लिहिणाऱ्याचं नाव आहे का, तारीख कोणती आहे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलंय का. तुम्हाला पटलेली प्रत्येक गोष्ट एकदा मनात पक्षाचं नाव बदलून वाचा. तरीही तेवढीच पटते का, बघा. शोधायला बसण्याआधी एका कागदावर लिहा, ‘काय दिसलं तर मी माझं मत बदलेन?’ उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर त्या रात्री फोन उघडू नका, झोपा.

पण एवढं सगळं करूनही क्लिप खरी की खोटी हे तुम्हाला घरबसल्या कळणार नाही. आज कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, त्यामुळे निर्दोष माणूस खरोखर अडकू शकतो आणि दोषी माणूस ‘एआय आहे’ म्हणून सुटू शकतो. तुम्ही सगळे मिळून त्या आवाजाभोवती फिरताय, घरात, मंडळात, व्हॉट्सअॅपवर. आवाज सोडा. कांस साफ झाली होती का? झाली असेल तर कधी, किती मीटर, किती गाळ काढला, बिल केवढ्याचं निघालं? या प्रश्नांची उत्तरं कागदावर असतात, आणि कांस तर तुमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बडोद्याच्या माणसाला मी एक जुनी गोष्ट आठवून देते, कारण ती तुमच्या गोष्टीच्या फार जवळची आहे. ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड मिळाली आणि संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. चौकशीसाठी सहाजणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बचावासाठी थेट इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील आले. सहाही जणांनी तेच साक्षीदार ऐकले, तेच कागद पाहिले. तिन्ही इंग्रजांना गुन्हा सिद्ध झालेला दिसला, तिन्ही हिंदी सदस्यांना तो सिद्ध झालेला दिसला नाही. बाहेर देशी वर्तमानपत्रांतही मोठा आवाज मल्हाररावांच्या बाजूने होता. एका देशी राजाला परकं सरकार खाली खेचत होतं, तेव्हा लोकांनी ‘आपल्या’ माणसाची बाजू घेतली. त्यात स्वाभिमान होता आणि इंग्रजांच्या हेतूवरचा संशय अगदी रास्त होता.

पण या गोंधळात एक प्रश्न बाजूला पडला. मल्हाररावांच्या कारभाराबद्दल बडोद्याची रयत काय म्हणत होती? विषाचं प्रकरण घडण्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, राज्यातल्या तक्रारींची वेगळी चौकशी झाली होती. जुलूम, जबरदस्तीच्या वसुल्या, न्याय न मिळणं, अशा त्या तक्रारी होत्या. राजा आपला होता, पण गाऱ्हाणं मांडणारी माणसंही आपलीच होती. शेवटी एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलं, तेही विषप्रयोगाच्या निकालावर नव्हे, तर वाईट कारभाराचं कारण देऊन. सरकारला नीतीची चाड होती म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. सत्तेचं सत्तेशी चाललेलं ते राजकारण होतं. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते इतकंच: राजाने विष घातलं का, हा एक प्रश्न होता, आणि त्याच्या राज्यात लोकांना न्याय मिळत होता का, हा दुसरा. पहिल्यावर दोन्ही बाजूंनी रणं माजली. दुसऱ्याचं उत्तर गावोगावच्या माणसांना ठाऊक होतं आणि त्या गदारोळात त्यांचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ‘धुतल्या तांदळासारखं कोण असतं’ हे ते वैतागून बोलले असतील, पण मला ते पटत नाही, आणि हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं की त्यावर थोडं थांबायला हवं. नगरसेवक निष्कलंक संत असावा अशी अपेक्षा कुणीच करत नाही. तो तापट असेल, घरी भांडत असेल, देवाला जात नसेल, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण लोकांचा पैसा ज्याच्या शब्दावर खर्च होतो, त्याला नीतीच्या बाबतीत सूट कशी देता येईल? उलट त्याच्यावर बंधन जास्त आहे. तुमच्या पेन्शनमधून तुम्ही काय विकत घेतलंत हे मी विचारू शकत नाही. कांसेच्या गाळाला किती रुपये लागले हे तुम्ही त्यांना विचारू शकता, आणि उत्तर देणं त्यांचं काम आहे. सत्तेतल्या माणसाची पारख करताना मी बाकी फारसं काही बघत नाही. त्याला प्रश्न विचारता येतो का, आणि विचारल्यावर तो काय करतो, एवढं बघते. ‘सगळेच तसले’ म्हटलं की प्रामाणिक आणि लबाड यांत फरकच उरत नाही, आणि त्याचा फायदा फक्त लबाडाला होतो. तुमचे नगरसेवक प्रामाणिक असतील तर या वाक्याने तुमच्या यजमानांनी त्यांच्यावर अन्यायच केलाय.

‘माणूस कामाला येतो’ यातही दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. पुरात ते छातीभर पाण्यात उतरले ते त्यांचं स्वतःचं धाडस होतं. ते कुठल्या पदाने येत नाही आणि कुठल्या आरोपाने पुसलं जात नाही. कांस साफ करून घेणं ही त्यांची जबाबदारी होती, त्यासाठी लोकांनी त्यांना निवडून दिलं. पहिल्या गोष्टीबद्दल तुम्ही जन्मभर ऋणी राहा. त्यांच्या घरी आजारपण आलं तर डबा घेऊन जा, रात्र जागवा, रक्त द्या. पण हे ऋण तुमच्या घराचं आहे, ते तुमच्या खिशातून आणि तुमच्या हातांनी फेडायचं. मंडळाच्या मंचावरून किंवा शहराच्या तिजोरीकडे डोळेझाक करून ते फेडता येत नाही. उपकाराची जाणीव ठेवणं आणि मिंधं होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कृतघ्नतेची भीती तुम्हाला वाटते, म्हणून बडोद्याशी जोडलेलं आणखी एक नाव सांगते. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेत शिकायला गेले. १९१७ मध्ये ते राज्याच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावं लागलं. ज्या राज्याचे उपकार होते त्याच राज्यात हा अपमान झाला. महाराजांच्या मदतीचं मोल त्यांनी कधी नाकारलं नाही आणि बडोद्यात जे सोसलं ते लिहून ठेवायलाही ते कचरले नाहीत. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले की थोर माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असतात. आणि धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते. उपकार म्हणजे काय हे पुरेपूर ठाऊक असलेल्या माणसाने हे म्हटलंय, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

आरतीचं काय करायचं? यंदा अचानक बोलावणं बंद केलं तर सोसायटीने निकाल दिल्यासारखं होईल, आणि तो निकाल एका क्लिपवर उभा असेल. नेहमीसारखं बोलावून शाल-श्रीफळ दिलं तर तोही निकालच, उलट्या बाजूचा. त्याचा फोटो त्याच रात्री फिरेल आणि ‘सोसायटी माझ्या पाठीशी आहे’ असा त्याचा अर्थ लावला जाईल. मला तिसरी वाट बरी वाटते. मंडळाने कायमचाच ठराव करावा की मंचावर कुठल्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा सत्कार होणार नाही. आरतीचा मान सोसायटीतल्या माणसांना, सफाई करणाऱ्यांना, वॉचमनला मिळेल. दर्शनाला ज्याला यायचं त्याने यावं, प्रसाद सगळ्यांना. हा नियम पुढच्या वर्षी, दुसऱ्या पक्षाचा माणूस आला तरी तसाच राहिला पाहिजे, नाहीतर तो नियम नव्हे, पळवाट. वर्गणीतला एक मोठा आकडा कदाचित कमी होईल, मांडव थोडा लहान होईल. होऊ द्या.

हा ठराव नगरसेवकांना व्हॉट्सअॅपवरून कळू नये. तुम्ही स्वतः जाऊन सांगा, यजमानांना बरोबर घेऊन. सासूबाईंच्या वेळी जे केलंत ते आम्ही विसरणार नाही, हे आधी म्हणा, मनापासून. मग विचारा, ‘भाई, लोक विचारतायत, आम्हाला उत्तर देता येत नाही. कांसेच्या कामाचे कागद सोसायटीला एकदा दाखवता का?’ आवाज न चढवता, आरोप न करता, एवढंच. ते काय म्हणतात आणि कसं म्हणतात, हे तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. माणूस चिडला म्हणजे दोषी असं मात्र धरू नका. खोट्या आरोपाने पोळलेला माणूसही चिडतो. कागद आले का, तेवढं बघा.

नाही आले तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे तुमच्याकडे गुजरातीत. अर्ज मुलीकडून लिहून घ्या, तिचं गुजराती चांगलं असेल, आणि जो कागद येईल तो दोघींनी एकत्र वाचा. अमुक वर्षी अमुक कांसेच्या सफाईचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश), मोजणी पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीची) प्रत, दिलेली बिलं आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो असतील तर ते, एवढंच नेमकं मागा. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहू नका, तसल्या अर्जाला उत्तर मिळत नाही. कागदांचीच नव्हे, कामाचीही प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्क या कायद्याच्या कलम २ मध्ये आहे, तोही अर्जात मागून घ्या. तोवर सोसायटीतल्या तिघा-चौघांनी कांसेच्या कडेने एकदा चालत जावं, तारखेसह फोटो काढावेत, तिथल्या टपरीवाल्यांना आणि राहणाऱ्यांना विचारावं की मशीन आलं होतं का, कधी आलं होतं.

कागदांवरून काम झालेलं दिसलं, तर ज्या जोरात क्लिप फिरली त्याच जोरात ते सोसायटीच्या ग्रुपवर सांगा, आणि पहिली पोस्ट मुलीने टाकावी. काम न होता बिल निघालेलं दिसलं, तर तक्रार कुठे करायची हे एखाद्या वकिलाला विचारा आणि मतदानाच्या दिवशी ते लक्षात ठेवा. पुरातल्या मदतीबद्दलची तुमची भावना तरीही तुमचीच राहील. दोन्हींपैकी काहीच स्पष्ट झालं नाही, तर ‘मला पुरेसं माहीत नाही’ असं बैठकीत उभं राहून म्हणा. त्यात कमीपणा नाही, आणि चिटणिसाने तसं म्हटलं तर बाकीच्यांनाही म्हणता येईल.

कायद्याप्रमाणे उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं असतं. अर्जाची पोच घ्या आणि या दोन्ही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण गणपतीच्या गडबडीत दुसरी हमखास निसटते.